शिदोरी आणि घासावयाचे भांडे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी मला ‘डोंगरयात्रेतील आहार’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी पाकशास्त्राचा जाणकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढे छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला मी एक साधा शिक्षक आहे. परंतु ह्या छत्तीस वर्षांत मला एक नाद होता, तो म्हणजे सुट्टी आली की मुलांना घेऊन सह्याद्रीतील एखादा गड चढावयाचा. ह्या नादापायी मी पुष्कळ ओझे वाहिले, पुष्कळ चुका केल्या आणि त्या चुकांतून थोडेसे शिकलो. तेवढेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

मला जे सांगावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. डोंगरावर जावयाचे असेल तेव्हा स्वयंपाकाचा विचार चुलीपासून सुरू करू नये. तो घासावयाच्या भांड्यापासून सुरू करावा. जेवणानंतर किती भांडी घासावी लागतील, ती कोण घासणार आणि कोठल्या पाण्याने घासणार, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रथम द्यावी. मग काय खावयाचे ते आपोआप ठरते.

आपल्या पूर्वजांना हे कोणी शिकवावे लागले नाही. रानात जाणारा शेतकरी, मेंढरांमागे फिरणारा धनगर आणि पंढरीच्या वाटेवरचा वारकरी ह्या सर्वांची शिदोरी एका फडक्यात मावत असे. भाकरी, कोरडी चटणी, कांदा आणि गुळाचा खडा. जेवण झाले की फडके झटकले, ओंजळीने पाणी प्याले आणि वाट धरली. घासावयास काही उरतच नसे. गोपाळकाल्याची कथा आपण सारे जाणतो. तेथेही सवंगड्यांनी आपापली शिदोरी एकत्र केली. यमुनेच्या काठी कोणी पातेली चढविली नाहीत. आपण मात्र शहरात राहावयास लागलो आणि गडावर जाताना घरातील स्वयंपाकघर उचलून नेऊ लागलो.

माझी पहिली चूक ह्याच जातीची होती. १९८४ च्या डिसेंबरात मी बत्तीस मुले घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलो. बरोबर आणखी एक शिक्षक होते. अकोले तालुक्यातील पाचनई गावातून आम्ही वर निघालो. सामानात दोन मोठी पातेली, कढई, परात, पोळपाट-लाटणे, तेलाचा डबा, रॉकेलचे दोन स्टोव्ह आणि एक पोतेभर शिधा होता. ‘मुलांना वरण, भात, भाजी, पोळी असे चौरस जेवण मिळाले पाहिजे,’ असा माझा आग्रह. पातेली आळीपाळीने उचलून मुलांचे खांदे दुखून आले आणि जेथे अडीच-तीन तासांत पोचावयाचे तेथे आम्ही पाच तासांनी पोचलो. कोकणकड्यावरचा सूर्यास्त त्या दिवशी आम्हांवाचूनच झाला.

पुढे तूरडाळ शिजेना. एक तास झाला, दोन तास झाले, स्टोव्हमधील रॉकेल संपत आले, तरी डाळीचा दाणा बोटाखाली टणकच. त्या वेळी मला कारण उमगले नाही. शाळेत मुलांना ‘पाणी १०० अंशांना उकळते’ असे फळ्यावर लिहून देणारा मीच होतो! परंतु हे विधान समुद्रसपाटीचे आहे. जसजसे उंच जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेस उकळू लागते. साधारण ३०० मीटर चढले की उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. हरिश्चंद्रगडाचा माथा सुमारे १,४०० मीटर उंच. म्हणजे तेथे पाणी ९५ अंशांच्या सुमारास उकळते. पाणी खळखळते, वाफ दिसते, परंतु डाळीस हवी तेवढी उष्णता मिळत नाही. घरी प्रेशर कुकर दाब वाढवून ही अडचण दूर करतो. उघड्या पातेल्याजवळ तो उपाय नसतो. त्या रात्री मुलांनी अर्धकच्चे वरण निमूटपणे खाल्ले.

खरी लाज वाटावयाची ती दुसऱ्या सकाळी वाटली. करपलेली, तेलकट पातेली घेऊन आम्ही पाण्याच्या टाक्याशी गेलो. मी मुलांना साबणाची पूड वाटली. मुलांनी टाक्याच्या कडेवर बसून भांडी घासली आणि टाक्यातच खळबळून घेतली. पाण्यावर पांढरा फेस आणि तेलाचा तवंग पसरला. आमच्याबरोबर पाचनईचे एक वृद्ध वाटाडे होते. ते आपली गुरेही त्या बाजूस चारावयास आणीत. ते थोडा वेळ पाहत उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “गुरुजी, हे पाणी आमाला जेठापर्यंत पुरवायचं हाय. तुमी तर आज खाली जाल.”

ते रागावले नाहीत, हेच मला अधिक लागले. गडावरील टाके म्हणजे नदी नव्हे. कातळात खोदलेल्या त्या कुंडात पावसाचे आणि कातळातून झिरपलेले पाणी साठते आणि तेच उन्हाळाभर पुरवावयाचे असते. ते वाहत नसल्यामुळे त्यात जे पडेल ते तेथेच राहते. शेकडो वर्षांपूर्वी कोणा अज्ञात पाथरवटांनी छिन्नी-हातोड्याने ते टाके खोदले, आणि मी, मुलांना इतिहास शिकविणारा, त्यात साबण कालविला. त्या वाटाड्यांची मी क्षमा मागितली; परंतु टाक्यातील साबण काही त्या क्षमेने निघाला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळाशी संबंधित आहे, आणि ती सांगण्याबद्दल वडीलधाऱ्यांनी मला क्षमा करावी. १९९६ च्या जानेवारीत आपल्या मंडळाची कौटुंबिक सहल राजगडावर गेली होती. येथे बसलेल्यांपैकी काही जण तीत होते. गुंजवणे गावातून चोरदरवाजाच्या वाटेने आपण पद्मावती माचीवर पोचलो. पुरुषमंडळींनी सामान वर नेले, हे मान्य केले पाहिजे. परंतु बेत काय होता? मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि शिरा! सकाळपासून स्त्रिया चुलीशी बसल्या. जेवणे दोन वाजता झाली. त्यानंतर पुरुष आणि मुले बालेकिल्ला पाहावयास गेली आणि स्त्रिया पद्मावती तळ्याच्या काठी पुरीच्या तेलाने माखलेली कढई आणि शिऱ्याची खरवड धरलेली पातेली घासीत बसल्या. भांडी आटोपली तेव्हा उन्हे कलली होती. बालेकिल्ल्याची वाट उभ्या कातळातील पायऱ्यांची. संध्याकाळी तेथे जाणे बरे नव्हे, असे आम्हीच त्यांना सांगितले आणि सर्व जण खाली उतरलो.

घरी आल्यावर मी उत्साहाने महादरवाजाचे वर्णन करू लागलो. आमच्या सौ. ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, “गड कसा होता ते तुम्ही सांगा. तळ्याच्या काठी कोणत्या दगडावर शेवाळ आहे, ते मी सांगते.” ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. आपण स्त्रियांना गडावर नेले नव्हते. फक्त मोरी बदलली होती.

सज्जनहो, ह्या दोन्ही प्रसंगांतील दोष एकच आहे. आपण जिभेचा विचार केला, भांड्याचा केला नाही. त्याची किंमत एकदा गावकऱ्यांच्या पाण्याने दिली आणि एकदा आपल्या घरच्या स्त्रियांनी. आता उपाय सांगतो. हे बहुतेक आमच्या सौ.नी घरी करून पाहिलेले आणि मी डोंगरावर वापरलेले आहेत.

प्रथम वजनाचा विचार. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणून ज्या पदार्थात आधीच पाणी आहे तो वर नेणे म्हणजे पाणीच वाहून नेणे होय. टोमॅटो, काकडी, दही, बटाटे ही ओझी आहेत. कोरडे पदार्थ न्यावे आणि पाणी तेथील घ्यावे. पिण्याचे मात्र उकळून घ्यावे. तसेच, एक ग्रॅम तुपापासून शरीरास सुमारे ९ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम पिठापासून अथवा साखरेपासून सुमारे ४. म्हणून थोडे तूप, शेंगदाणे, सुके खोबरे आणि तीळ हे कमी वजनात अधिक बळ देणारे पदार्थ होत. आपल्या आजीबाई शेंगदाण्याचा वा तिळाचा लाडू बांधून देत, त्यात मोठे शहाणपण होते.

आता दोन दिवसांच्या यात्रेचा बेत. पहिल्या दुपारी घरून आणलेल्या दशम्या किंवा धपाटे आणि लसणीची कोरडी चटणी. दशमी दुधात भिजविलेली असल्यामुळे पोळीपेक्षा अधिक वेळ मऊ राहते. ओल्या नारळाची चटणी नेऊ नये, ती लवकर आंबते. ह्या जेवणास चूल नाही आणि भांडेही नाही.

रात्री मुगाच्या डाळीची खिचडी करावी. तूरडाळीचे नाव काढू नये; मूग अथवा मसूर लवकर शिजतात. माणशी ७५ ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मूगडाळ घ्यावी. घरीच दोन्ही निवडून, थोड्याशा तुपावर परतून, त्यात हळद, मीठ, जिरे, सुके खोबरे आणि गोडा मसाला घालून कापडी पिशवीत बांधावे. फोडणी घरीच झाली म्हणजे तेलाचा डबा वर न्यावा लागत नाही. पाच माणसांमागे पाच लिटरचे एक पातळ स्टीलचे पातेले आणि त्याचे घट्ट झाकण पुरे. मिश्रण अर्धा तास भिजत घालावे आणि सुमारे तीन लिटर पाण्यात शिजवावे. उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटे मंद आचेवर ठेवून पातेले उतरावे आणि झाकणासह घोंगडीत गुंडाळून अर्धा तास ठेवून द्यावे. आतल्या उष्णतेनेच खिचडी मऊ होते. इंधन निम्मे लागते, आणि मुख्य म्हणजे तळाशी काही करपत नाही. जे करपत नाही ते घासावे लागत नाही.

खिचडी संपली की पातेले बाजूस ठेवू नये. त्यातच माणशी एक वाटी पाणी, चार-पाच आमसुले, मीठ, गूळ आणि जिऱ्याची पूड घालून पुन्हा एक उकळी आणावी. पातेल्याच्या कडांना चिकटलेली शिते सुटून येतात आणि सर्वांना गरम सार प्यावयास मिळते. भांडे निम्मे धुतले गेले आणि अन्नाचा कणही वाया गेला नाही. ह्यासाठी पातेले स्टीलचेच असावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आमसुलासारखा आंबट पदार्थ उकळू नये.

दुसऱ्या सकाळी आधी चहा आणि मग भाजलेल्या रव्याचा उपमा. रवा घरीच मोहरी-कढीलिंबाच्या फोडणीत खमंग भाजून न्यावा. उकळत्या पाण्यात टाकला की पाच मिनिटांत उपमा होतो. दुपारी चूल पेटवूच नये. पातळ पोहे पाण्याचा हबका देऊन मऊ करावे. त्यात मेतकूट, सुके खोबरे, भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि चवीला साखर घालावी. अथवा सातूचे पीठ गूळपाण्यात कालवून खावे. वाटेत चघळावयास फुटाणे आणि दोन लाडू. हा सारा शिधा मिळून माणशी एक किलोच्या आत बसतो. १९८४ साली आम्ही नेलेल्या पोत्याशी ह्याची तुलना करून पाहावी.

पिठले-भाकरीवाचून गडाची यात्रा अपुरी, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हणतो. परंतु पिठले हा भांड्यास घट्ट चिकटणारा पदार्थ आहे. ते वर करण्यापेक्षा पायथ्याच्या गावी, तेथील माउलीच्या हातचे, योग्य मोल देऊन खावे. तिला चार पैसे मिळतात आणि आपणांस तव्यावरची गरम भाकरी मिळते. मात्र आदल्या दिवशी निरोप धाडावा. अचानक वीस माणसांनी दारात उभे राहू नये.

चुलीविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. आमच्या काळी आम्ही गडावर लाकडे गोळा करून जाळ करीत असू. ते आता सोडले पाहिजे. आम्ही गेलो त्यानंतर दोन वर्षांनी, १९८६ साली, कळसूबाई-हरिश्चंद्रगड हा टापू अभयारण्य म्हणून घोषित झाला. माघ-फाल्गुनानंतर तेथील गवत वाळून कोळ होते आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. लहान बर्नर न्यावा, आणि तोही वास्तूच्या भिंतीपासून दूर, उघड्या कातळावर पेटवावा. रेल्वेगाडीतून गॅसचे सिलिंडर अथवा रॉकेल नेण्यास मनाई आहे, हे ध्यानात ठेवावे. गडावर मुक्काम आणि स्वयंपाक करण्यास अनुमती आहे किंवा नाही, हे निघण्यापूर्वी संबंधित खात्याकडे विचारून घ्यावे.

आता अखेरचे काम, म्हणजे भांडे घासणे. ताट प्रत्येकाचे एक आणि ते ज्याचे त्याने पुसून काढावयाचे. शेवटचा घास भाकरीच्या तुकड्याने टिपून घेतला की ताट जवळजवळ स्वच्छ होते. पातेले कोरड्या मातीने आणि मूठभर वाळल्या गवताने घासावे. साबण नेऊच नये. तेलकट काही केले नाही तर त्याची गरजही नसते. तांब्याभर पाणी घेऊन टाक्यापासून किमान साठ-सत्तर पावले दूर जावे, तेथे भांडे विसळावे आणि ते पाणी मोकळ्या जमिनीवर पसरून टाकावे. टाक्यात खरकटे भांडे किंवा हात घालू नये. द्रोण-पत्रावळी पानांच्या असतील तर ठीक. प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर तर महाराष्ट्रात २०१८ सालीच बंदी आली. झटपट शेवयांची पाकिटे मुलांना प्रिय असतात. ती न्यावयाची असतील तर वर जाताना मोजावी आणि तितकीच रिकामी पाकिटे खाली आणावी. हा हिशेब मुलांकडेच द्यावा, ती तो चोख ठेवतात असा माझा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, एका पातेल्यासाठी इतके प्रवचन कशाला? त्यास माझे उत्तर असे की, २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजी. राजगड त्या बारांत आहे. आपण सर्वांनी पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु पेढे वाटून गडाचे पाणी स्वच्छ राहत नाही. आता तेथे पूर्वीपेक्षा अधिक माणसे जातील. प्रत्येकाने एक कढई घासली तर तळ्याचे काय होईल?

म्हणून मंडळाच्या येत्या सहलीसाठी मी तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, सहलीत तळण आणि शिरा असणार नाही. दुसरी, पाच जणांमागे एकच पातेले नेले जाईल. तिसरी, ते पातेले पुरुषमंडळी घासतील, आणि सर्व स्त्रिया गड पाहून खाली आल्यावाचून सहल संपली असे समजले जाणार नाही. अध्यक्ष महाराज, ह्यांतील तिसऱ्या सूचनेवर मतदान घ्यावयाचे असेल तर ते कृपया स्त्रियांचेच घ्यावे.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगून आपली रजा घेतो. २०२३ च्या जानेवारीत मी, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात असे पुन्हा राजगडास निघालो. मी सौ.ना फार आग्रह केला. परंतु आता त्यांच्या गुडघ्यांनी नकार दिला होता. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांचे पाय चढू शकत होते तेव्हा त्यांचे हात आम्ही अडकवून ठेवले होते. आज हात मोकळे होते, पण पाय चालत नव्हते. त्या गुंजवण्यापर्यंत आल्या आणि एका ओळखीच्या घरी ओसरीवर बसून राहिल्या. शिदोरी मात्र त्यांनीच बांधून दिली होती: खिचडीची पिशवी, आमसुले, पोहे आणि लाडू. आमची सून आणि नात बालेकिल्ल्यावर जाऊन आल्या. मी त्या वेळी पद्मावती माचीवर, तळ्यापासून दूर एका दगडावर बसून मातीने पातेले घाशीत होतो.

संध्याकाळी खाली आलो तेव्हा नात धावत आजीकडे गेली आणि महादरवाजा, चंद्रतळे, कातळातील पायऱ्या असे सारे एका दमात सांगू लागली. आजीने ते सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “भांडी कोणी घासली ग?”

“आजोबांनी,” नात म्हणाली, “आणि आजी, भांडी नाही, एकच भांडे होते.”

सौ. माझ्याकडे पाहून हसल्या. ते हसू मला सत्तावीस वर्षांपूर्वीच मिळावयास हवे होते. ज्यांच्या घरी अजून वेळ गेलेली नाही, त्यांनी उशीर करू नये, एवढीच विनंती करून मी आपले भाषण संपवितो.